चांदबीबी आणि सन १६००

आज आपण चांदबीबीबद्दल बोलू. ती नगरची लेक, विजापूरची सून. १५८० मध्ये नवरा गेल्यावर लहानग्या पुतण्याच्या वतीनं तिनं विजापूरचा कारभार पाहिला. पुढं ती माहेरी आली. १५९५ च्या अखेरीस अकबराच्या फौजेनं नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगानं तट फुटला, तेव्हा ती तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट बुजवून घेतला. वऱ्हाड द्यावं लागलं, पण नगर वाचलं.

१६०० मध्ये मोगल पुन्हा आले. ती तहाचं बोलू लागली, तर ‘बाई फितूर झाली’ अशी आवई उठली. तिच्याच माणसांनी तिला मारलं. लवकरच किल्लाही पडला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिकडं लंडनमध्ये एलिझाबेथ राणीनं ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. पुढं तीच कंपनी आपल्यावर राज्य करून गेली.

आमच्या गटातही एकदा खजिनदार ताईंबद्दल कुजबुज सुरू झाली. आम्ही बैठकीत सगळ्यांसमोर वही आणि पासबुक वाचलं. पै न पै जुळली. ताई आजही हिशेब लिहितात. तेव्हा मैत्रिणींनो, कुजबुज कानावर आली, की आधी वही उघडायची.