फीट, पाच मिनिटं आणि सरकणारे रिसेप्टर

मी जतचा, पोटापाण्यासाठी कोडिंग करतो. आजचा विषय मेंदूतला आहे, पण घरात कुणाला फीट आली तर थेट कामाला येणारा.

मेंदूत एक पेशी दुसरीला ‘चालू हो’ म्हणते, तशी ‘थांब’ पण म्हणते. ‘थांब’चा निरोप मुख्यतः गाबा नावाचं रसायन नेतं. समोरच्या पेशीवरचे रिसेप्टर तो निरोप घेतात, क्लोराइड आत सोडतात आणि पेशी शांत होते.

हे रिसेप्टर भिंतीतल्या स्विचसारखे पक्के बसवलेले असतील, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. २००३ मध्ये पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी ग्लायसिन या दुसऱ्या ‘थांब’ रसायनाच्या रिसेप्टरना चमकणारे सूक्ष्म कण चिकटवले आणि एकेक रिसेप्टर सरकताना बघितला. दोन पेशींच्या जोडणीपाशी, म्हणजे सिनॅप्सवर, गेफिरिन नावाचं प्रथिन त्यांना धरून ठेवतं. यल्लम्माच्या जत्रेत खिलार बैल दावणीला बांधतात ना, तसंच. दावं सुटलं की रिसेप्टर बाजूला सरकतात, काही तर पेशीच्या आत ओढले जातात.

खरी अडचण इथं आहे. फीट लांबली की गाबाचे रिसेप्टर सिनॅप्सवरून आत जायला लागतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. फीट थांबवणारी डायझेपाम, मिडाझोलाम ही औषधं याच रिसेप्टरवर काम करतात. रिसेप्टरच कमी झाले तर औषध बसणार कुठं? म्हणून उशीर झाला की त्याच डोसाचा गुण कमी येतो.

आणि आपल्याकडं ती मोलाची मिनिटं कांदा, चप्पल हुंगवण्यात जातात. बहुतेक फीट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, आणि श्रेय चपलेला मिळतं! पण ५ मिनिटांपुढं गेलेली फीट आपोआप थांबेल याचा भरवसा नाही.

मग करायचं काय? मोबाईलवर वेळ बघा. माणसाला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका. ५ मिनिटं झाली की १०८ ला फोन. फीट पहिल्यांदाच आली असेल तर तेवढंही थांबू नका.

आपल्या तालुक्यात वाड्या-वस्त्या लांब, मिरज-सांगली त्याहून लांब. म्हणून घरात फीटचा पेशंट असेल तर नाकात मारायचा मिडाझोलाम स्प्रे घरी ठेवावा का, कधी आणि किती मारावा, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. गाडी येईपर्यंत रिसेप्टर काही थांबत नाहीत.

हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!