गांव पुन्हां उभारणाऱ्या मंडळांचा कारभार

(ज्युबिली उत्सवानिमित्त सोनारी येथें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली हा जसा कृतज्ञतेचा तसाच हिशेबाचाही प्रसंग आहे. जुन्या करारांत पन्नासाव्या वर्षाचा जो नियम सांगितला आहे, त्यांत जमीन मूळ धन्याकडे परत जावी आणि ऋणांत अडकलेला माणूस मोकळा होऊन आपल्या कुटुंबाकडे परतावा, असा आदेश आहे. म्हणजे ज्युबिलीचा संबंध घरदार, जमीन आणि कारभार यांच्याशीं अगदीं मुळापासूनचा आहे. तेव्हां आजच्या मंगल दिवशीं मीं समित्या, याद्या व जमाखर्च यांचा विषय काढला, यांत कोणास विसंगति वाटूं नये.

भूकंपानें पडलेलें, धरणाखालीं गेलेलें किंवा दारिद्र्यानें मोडकळीस आलेलें गांव पुन्हां वसवण्यासाठीं सरकार, धर्मादाय संस्था आणि गांवकरी यांच्याकडून जी समिति उभी राहते, तिला आपण सोयीसाठीं पुनर्बांधणी मंडळ म्हणूं. अशा मंडळाला पैसा कमी पडला म्हणजे काम बिघडतें, ही समजूत सर्वत्र आहे. ती अर्धीच खरी आहे. पैसा मुबलक असूनही काम बिघडतें, आणि त्याचें कारण बहुधा एकच असतें: ज्यांना त्या घरांत राहावयाचें आहे, त्यांच्यापुढें निर्णय व हिशेब येत नाहींत.

याचें उदाहरण शोधावयास आपणांस जिल्ह्याबाहेर फारसें जावें लागत नाहीं. आपली सोनारी परंडा तालुक्यांत, जिल्ह्याच्या पश्चिम भागांत आहे; लोहारा व उमरगा हा पूर्वेकडचा मुलूख, आणि त्याला लागूनच लातूर जिल्ह्यांतील किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास तेथें धरणी हादरली आणि सुमारें ८,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं. धक्का मोठा होता हें खरें, पण जगांत त्याहून मोठे धक्के बसूनही इतकी हानि झाली नाहीं अशीं स्थळें आहेत. येथें माणसांना मारलें तें त्यांच्याच घरांनीं. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांत सांधा नाहीं, आणि वर पिढ्यान्पिढ्या थर चढवलेल्या माळवदाचा भार. असें घर पडलें म्हणजे त्यांतून सुटका कठीण.

पुढें जागतिक बँकेच्या साहाय्यानें १९९४ सालापासून राज्य सरकारनें पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हातीं घेतला. त्यांत कामाच्या दोन रीती शेजारीं शेजारीं चालल्या, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्यांची तुलना फार उद्बोधक आहे.

पहिली रीत अशी. जीं गांवें पार जमीनदोस्त झालीं, तीं नव्या जागेवर वसवावयाचीं होतीं. अशीं ५२ गांवें होतीं. त्यांतील घरें बहुतांशीं ठेकेदारांनीं अथवा देणगीदार संस्थांनीं बांधून दिलीं. घराचें माप कुटुंबाच्या जमिनीवरून ठरलें: भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यास २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, आणि त्याहून अधिक असलेल्यास ७५०. घरांत माणसें किती, यापेक्षां शेत किती याला महत्त्व आलें. नवीं गांवें सरळ रेषांत आंखलीं गेलीं. जुन्या गल्ल्या, भावकीचे वाडे, ओसरीवरून ओसरीशीं होणारें बोलणें मागें राहिलें. विस्तार कित्येक पटींनीं वाढला. शेत लांब पडलें, पाणवठा लांब पडला, आणि रस्ते, दिवे, नळ यांच्या देखभालीचा भार लहानशा ग्रामपंचायतीच्या गळ्यांत आला. घरें मजबूत झालीं, हें निर्विवाद. परंतु किल्ली हातीं आली तेव्हां कित्येक कुटुंबें आपल्याच गांवीं पाहुण्यासारखीं शिरलीं.

दुसरी रीत ज्या घरांना तडे गेले होते पण जीं उभीं होतीं, त्यांच्यासाठीं होती. अशीं घरें सुमारें दोन लाख होतीं. येथें धनी स्वतः काम करून घेई. पैसा हप्त्यांनीं मिळे आणि एक टप्पा पुरा झाल्याचें अभियंत्यानें पाहिल्यावर पुढचा हप्ता सुटे. कोठें वीट लावावी, कोठें खर्च वांचवावा, हें घरचींच माणसें ठरवीत. या कामांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनें प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालीं गांवोगांवच्या महिला मंडळांतील स्त्रियांना संवाद सहायक म्हणून पुढें आणलें. भिंतीला पट्टा कसा घालावा, कोपऱ्याचे दगड एकमेकांत कसे गुंतवावे, हप्ता कोठें अडकला, हें सर्व त्या स्त्रिया समजावून घेऊं लागल्या व दारोदार जाऊन सांगूं लागल्या. २००१ सालीं गुजरातेंत कच्छचा भूकंप झाला, तेव्हां याच मराठवाड्यांतील स्त्रिया तेथील भगिनींना धीर व माहिती देण्यास गेल्या. जी काल मदत घेणारी होती, ती आज मार्गदर्शक झाली. मंडळाच्या कारभाराची याहून चांगली कसोटी मला माहीत नाहीं.

परमपूज्य पोप अकरावे पायस यांनीं १९३१ सालच्या आपल्या विश्वपत्रांत असें शिकवलें आहे कीं, जें काम लहान समुदायाला स्वतः करतां येतें, तें मोठ्या सत्तेनें त्याच्या हातून काढून घेणें हा अन्याय होय. मोठ्यानें लहानास साहाय्य करावें, त्याची जागा घेऊं नये. किल्लारीच्या परिसरांत या तत्त्वाची प्रचीति दगडमातींत उमटलेली दिसते.

आतां सुधारणेचे उपाय. ते थोडे आहेत आणि कोणत्याही गांवास करतां येण्याजोगे आहेत.

पहिला उपाय यादीचा. लाभार्थींची यादी हा मंडळाचा आत्मा आहे, आणि भांडणाचें मूळही तेंच. ती चावडीवर लावून भागत नाहीं. ज्याला वाचतां येत नाहीं त्याच्यासाठीं ती ग्रामसभेंत मोठ्यानें वाचली पाहिजे. एखाद्या विधवेचें नांव सासऱ्याच्या उताऱ्याखालीं दडून राहिलें असेल, तर तें त्या वेळींच उघडकीस येतें. हरकत घेण्यास मुदत असावी व प्रत्येक हरकतीस लेखी उत्तर असावें.

दुसरा उपाय वेळेचा. आपल्या भागांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं कारखान्यांच्या मुलखांत जातात, तीं गळीत हंगाम संपल्यावरच परततात. घराला कुलूप लावून गेलेल्यांच्या माघारीं जी सभा भरते, ती कायद्यानें कितीही शुद्ध असली तरी न्यायानें अपुरी असते. गरिबांतील गरीब माणूसच तींत गैरहजर असतो. म्हणून जागा, माप आणि यादी यांचे ठराव कोयते बाहेर पडण्यापूर्वीं किंवा परत आल्यावरच व्हावे, असा नियमच करून ठेवावा.

तिसरा उपाय स्त्रियांचा. आपल्या राज्यांत ग्रामसभेपूर्वीं महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यांत आहे. ती सहीपुरती उरकूं नये. चूल कोठें, धूर कोठून जावा, पाणी किती अंतरावर, संडासाचें दार कोणत्या बाजूस, हें जिला रोज भोगावयाचें तिला विचारल्यावांचून नकाशा मंजूर होतां कामा नये.

चौथा उपाय पैशाचा. खातें एकाच्या नांवावर नसावें. निदान दोघांच्या सह्या असाव्या, आणि माल घेणारा व बिल मंजूर करणारा हे निराळे असावे. महिन्याची जमा, खर्च व शिल्लक ठळक अक्षरांत फळ्यावर लिहावी. प्रामाणिक कारभाऱ्यालाही याचा लाभच आहे. कारण ज्याचा हिशेब उघडा, त्याच्यावर कुजबुजीचा वार चालत नाहीं. येथें वसईच्या आपल्या बांधवांचें स्मरण होतें. १९१८ सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानें तेथील कॅथॉलिक शेतकरी व कामकरी यांनीं एक सहकारी पतसंस्था काढली, आणि तीच पुढें बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. शंभर वर्षें ती टिकली. सहकाराची रीतच अशी कीं प्रत्येक सभासदास, त्याचा भाग कितीही लहान असो, वार्षिक सभेंत उभें राहून प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. पुनर्बांधणी मंडळालाही तीच रीत शोभते.

पांचवा उपाय देखभालीचा. पायाभरणीच्या दिवशीं नारळ फोडतांना जितकी गर्दी असते, तितकी दहा वर्षांनीं पंप बिघडतो तेव्हां नसते. म्हणून बांधकाम सुरू होण्यापूर्वींच दुरुस्तीचा निधि व त्याची जबाबदारी ठरवावी. ज्या रस्त्याची वा दिव्याची निगा ग्रामपंचायतीला झेपणार नाहीं, तो देणगींतून फुकट मिळत असला तरी दोनदां विचार करून घ्यावा.

कोणी म्हणेल, इतकें विचारत बसलों तर घरें कधीं बांधावयाचीं? शंका रास्त आहे. उघड्यावर बसलेल्या कुटुंबाला पावसाळ्यापूर्वीं छप्पर पाहिजे, सभा नको. तात्पुरत्या निवाऱ्याला विलंब लावणें हें पापच होय. परंतु कायमचें घर पन्नास वर्षें टिकावयाचें असतें. त्यासाठीं चार सभा अधिक घेतल्या तर तो कालापव्यय नव्हे. घाईनें चुकीच्या जागीं वसवलेलें गांव पुन्हां उचलतां येत नाहीं.

बंधुभगिनींनो, आपण संख्येनें थोडे आहोंत. परंतु समितींत बसण्यासाठीं, वही स्वच्छ ठेवण्यासाठीं, शेजाऱ्याचें नांव यादींत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं संख्या लागत नाहीं. शेजारी कोणत्याही धर्माचा व जातीचा असो, त्याच्या छपराचा हिशेब चोख राहावा, ही आपली उपासनाच आहे. ज्युबिलीच्या या वर्षीं प्रत्येक घरांतून एकानें तरी पुढच्या ग्रामसभेस जावें, शेवटपर्यंत बसावें आणि एक प्रश्न नम्रतेनें विचारावा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.