त्यांचं लक्ष होतं

आपल्या बुद्धिबळात राणी नसते, वजीर असतो. युरोपात त्याच मोहऱ्याला राणी म्हणतात. चाल मात्र एकच.

कोल्हापुरात आमच्या घरी संध्याकाळी पट मांडला जाई. अब्बा खेळत, थोरली आपा दाराआडून बघत बघत शिकली. एकदा तिनं अब्बांच्या एका दोस्ताला मात दिली. ‘माझं लक्ष नव्हतं,’ म्हणत ते हसले. अब्बाही हसले. पुढं कुणी खेळायला आलं, की आपा चहा करायला आत जायची.

पुढं मी व्हेरा मेन्चिकविषयी वाचलं. चेक वडिलांची ही मुलगी १९२७ साली महिलांची पहिली विश्वविजेती झाली. १९४४ साली लंडनमध्ये जर्मन बॉम्बनं तिचा बळी घेईपर्यंत ते पद तिच्याकडंच होतं. १९२९ साली कार्ल्सबादला ती पुरुषांत खेळायला आली, तेव्हा बेकर नावाच्या खेळाडूनं थट्टा केली: हिच्याकडून जो हरेल, तो ‘व्हेरा मेन्चिक क्लब’चा सभासद! पहिला सभासद तोच झाला. पुढं हॉलंडचे मॅक्स युवेही तिच्याकडून दोनदा हरले. हेच युवे १९३५ साली विश्वविजेते झाले.

आता १९७६ सालात या. तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर त्या वर्षी महिलांची राष्ट्रीय विजेती झाली आणि पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरली. मुलगी इथं कशाला, म्हणून गदारोळ उठला. तिचे वडील, ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर, मागं हटले नाहीत. प्रकरण जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या अध्यक्षांपर्यंत गेलं. अध्यक्ष होते मॅक्स युवे! स्त्रीला अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. हा माणूस व्हेरासमोर बसला होता, हरला होता. स्त्रीची बुद्धी त्यानं पटावरच पाहिली होती.

रोहिणी १९८१ साली आशियाई विजेती झाली. तिची बुद्धी तिचीच. पण दार अडलं, तेव्हा बाप तिच्या बाजूनं उभा राहिला. आमचे अब्बा वाईट नव्हते. ते फक्त हसले होते.

२०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली. मी आपाला फोन केला. पन्नासेक वर्षांत हा विषय आमच्यात निघाला नव्हता. ती थोडी थांबली, मग म्हणाली, ‘त्या दिवशी त्यांचं लक्ष होतं रे. मी बघत होते.’