बक्षीस घ्या, सातबारा देऊ नका

(रीडिंगमधल्या मराठी कामगारांच्या रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी वकील नाही. शिक्षण सिव्हिल डिप्लोमा, काम साइट सुपरवायझरचं. आज बोलायला उभा आहे, कारण एक चूक माझ्या हातून झाली आहे.

आमच्या एका साइटवर फोटो स्पर्धा निघाली. इथे साइटभोवतीच्या कुंपणाला होर्डिंग म्हणतात. त्यावर कामगारांनी काढलेले फोटो लावायचे होते. आमचा साताऱ्याचा एक स्टील फिक्सर मधल्या सुट्टीत मोबाइलवर छान फोटो काढतो. त्याने एक दिला: नोव्हेंबरची सकाळ, केनेट नदीवरून आलेलं धुकं आणि अर्धवट बांधलेला कॉलमचा सांगाडा. ऑनलाइन फॉर्म मी भरून दिला. त्याला पहिलं बक्षीस मिळालं, ५० पौंडांचं व्हाउचर. आम्ही पेढे वाटले.

चार महिन्यांनी तोच फोटो फ्लॅट विक्रीच्या माहितीपत्रकावर दिसला. खाली नाव नाही. विचारलं तर म्हणाले, "फॉर्मचा नववा मुद्दा वाचा." वाचला. सगळे हक्क, कायमचे, जगभरासाठी त्यांना दिले होते. आणि फक्त विजेत्याचेच नाहीत, भाग घेणाऱ्या प्रत्येकाचे! हरलेल्यांना व्हाउचरही नाही आणि फोटोही गेला. ड्रॉइंगवरच्या बारीक नोट्स आधी वाचा असं मी रोज पोरांना सांगतो. तिथे मात्र मी न वाचताच टिक केली होती.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. १९८८ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र, फोटो, कविता केली की हक्क आपोआप तुमचा होतो. नोंदणी लागत नाही. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ७० वर्षं टिकतो. भारतात ६० वर्षं. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मात्र मालकाचं. मी तपासणीसाठी काढतो ते फोटो कंपनीचे. पण सुट्टीत, स्वतःच्या हौसेने काढलेला फोटो तुमचा. सीआयएसवर स्वयंरोजगारी असाल, तर करारात वेगळं लिहिलं नसेल तोवर कामाचा फोटोसुद्धा तुमचाच.

कॉपीराइट कायमचा द्यायला इथे लेखी कागद आणि सही लागते. ऑनलाइन टिकही सही धरली जाऊ शकते, म्हणून तिला हलकं समजू नका. भारतीय कायद्यात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरतात. इथे असा आधार नाही.

परवाना देणं म्हणजे खोली भाड्याने देणं. हस्तांतर म्हणजे सातबाऱ्यावरून आपलं नाव काढून टाकणं. आयोजकाला बहुतेक वेळा खोलीच हवी असते, पण फॉर्ममध्ये तो सगळं घर मागतो.

कधीकधी घर मागणं योग्यही असतं. रुपयाच्या चिन्हासाठी अर्थ मंत्रालयाने २००९ मध्ये स्पर्धा घेतली. २०१० मध्ये आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदय कुमार यांचं चिन्ह निवडलं गेलं. बक्षीस अडीच लाख, आणि चिन्हाचा कॉपीराइट सरकारचा, हे आधीच जाहीर होतं. स्वच्छ भारतचा चष्मा कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचा. २०१४ मध्ये लोकांकडून मागवलेल्या नमुन्यांतून तो निवडला गेला आणि त्यांना ५० हजार रुपये मिळाले. आज तो नोटांच्या मागच्या बाजूला आहे. देशाचं चिन्ह एका माणसाकडे ठेवून चालत नाही, हे पटतं. पण फ्लॅटच्या माहितीपत्रकासाठी जन्माचा हक्क कशाला हवा?

म्हणून टिक करण्याआधी चार प्रश्न विचारा.

एक, हक्क विजेत्याचाच घेतात की सगळ्यांचा? हरलेल्याचं काम हरलेल्याकडेच राहिलं पाहिजे.

दोन, कशासाठी आणि किती काळ? "होर्डिंगवर, एक वर्ष" हे रास्त. "कोणत्याही कारणासाठी, कायम" दिसलं की थांबा.

तीन, नाव लागणार का? ब्रिटनमध्ये नावाचा हक्क लेखी सांगावा लागतो. प्रवेशिकेसोबत सही करून लिहून द्या: हे काम माझं आहे, माझं नाव लावावं.

चार, पुढे जाहिरातीत वापरलं तर वेगळे पैसे मिळणार का?

उत्तर ईमेलवर मागा. तोंडी शब्दाचा उपयोग नाही. मूळ फाइल जपून ठेवा.

साताऱ्याच्या गड्याला पैसे मिळाले नाहीत. पत्र लिहिल्यावर पुढच्या छपाईत नाव तेवढं आलं. पण पुढच्या वर्षी स्पर्धा निघाली तेव्हा आम्ही सहा जणांनी आधीच पत्र दिलं, की नववा मुद्दा बदलला तरच भाग घेऊ. बदलला. आता तिथे लिहिलं आहे: फक्त होर्डिंगसाठी, काम संपेपर्यंत, नावासह.

सहा सह्या पुरल्या. एकट्याचं कुणी ऐकलं नसतं. तेव्हा फॉर्म आला की आधी एकमेकांना दाखवा. इंग्रजी अडलं तर मला विचारा. या वेळी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन.