आकडा आणि विश्वास

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



जो चुकतो तो अविश्वासार्ह, असे आपण सहज समजतो. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेल्यावर माझे मत निराळे झाले आहे. चूक प्रत्येकाच्या हातून होते. विश्वासाला अपात्र ठरतो तो ती शोधण्याची वाट बंद करणारा.

१९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्यामागे प्रा. महालनोबीस यांची दृष्टी होती. एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र नमुने घ्यावेत, ते निरनिराळ्या गटांनी गोळा करावेत आणि निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवावेत, ही त्यांची पद्धत. दोहोंत तफावत पडली तर ती लपू नये. पाहणी सरकारचीच, परंतु आपल्या उणिवेचे माप स्वतःच काढण्याची ही शिस्त तिच्या प्रतिष्ठेचा पाया होती.

पुढे काय झाले? २०१७-१८ च्या श्रमबल पाहणीचा अहवाल राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने डिसेंबर २०१८ मध्ये संमत केला. तरी तो प्रसिद्ध झाला नाही. जानेवारी २०१९ मध्ये आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. हा विलंब त्यांच्या नाराजीचे एक कारण होते. ६.१ टक्के बेकारीचा आकडा अधिकृतपणे बाहेर आला तो ३१ मे रोजी, लोकसभेची निवडणूक आटोपल्यावर. त्याच नोव्हेंबरात २०१७-१८ च्या उपभोग-खर्च पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचा निर्णय जाहीर झाला. सामग्रीच्या दर्जाविषयी शंका आहेत, असे कारण देण्यात आले. दोष असतीलही, मग सामग्री खुली करून ते दाखवावयाचे होते. शेतमजुराच्या ताटात काय पडते हे सांगणारा कागद दडपला गेला आणि दारिद्र्यावरील वाद अंदाजांवर चालत राहिला.

परंतु सरकारला बोल लावून टाळ्या घेणे सोपे आहे. तरुणपणी एका संपाच्या पत्रकात मोर्चाची संख्या मी दुप्पट लिहिली. हेतू चांगला आहे, अशी मनाची समजूत घातली. पुढे थकलेल्या पगाराचा खरा आकडा आम्ही छापला, तेव्हा आमचाच एक कामगार हसून म्हणाला, “हाही मोर्चाचाच हिशेब का, मास्तर?” मजजवळ उत्तर नव्हते.

म्हणून आकडा समोर आला की विचारा : तो कोणी व कसा मोजला? इतरांना तो तपासता येतो काय? गैरसोयीचा असता तरी सांगणाऱ्याने सांगितला असता काय? हे प्रश्न प्रथम आपल्या पत्रकाला विचारा. मग सरकारला विचारताना आपला आवाज डळमळणार नाही.