स्नायूंचा सराव आणि लॅक्टेट



लष्करभरतीत उमेदवारास १.६ किलोमीटर धावावे लागते. तारीख जवळ आली की खेडोपाडीचे पुष्कळ तरुण आठ-पंधरा दिवस जिवाच्या आकांताने धावतात आणि ऐनवेळी पाय भरून येऊन मागे पडतात. उणीव त्यांच्या जिद्दीत नसते. स्नायू तयार होण्यास लागणारा अवधीच त्यांना मिळालेला नसतो.

जोराने धावताना स्नायू साखरेचे वेगाने विघटन करतात व त्यातून लॅक्टेट निर्माण होते. १९०७ मध्ये इंग्लंडमधील फ्लेचर व हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून दाखविले की, प्राणवायूच्या अभावी हे द्रव्य साचते व प्राणवायू मिळताच नाहीसे होते. पुढे ते थकव्याचे विष मानले गेले. अमेरिकेतील जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८० नंतरच्या दशकात या समजुतीस छेद दिला. एका स्नायूत निर्माण झालेले लॅक्टेट दुसरे स्नायू व हृदय इंधन म्हणून वापरतात. यकृत त्यापासून पुन्हा साखर बनविते.

विश्रांतीच्या वेळी रक्तात लिटरमागे सुमारे १ मिलिमोल लॅक्टेट असते. धावण्याचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की विनियोगापेक्षा निर्मिती अधिक होऊन हे प्रमाण झपाट्याने चढते. नियमित सरावाने ही मर्यादाच वर सरकते. स्नायुपेशींतील तंतुकणिका वाढतात, हे जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. लॅक्टेटची ने-आण करणारी प्रथिनेही वाढतात. परिणामी पूर्वीच्याच वेगाने धावताना लॅक्टेट कमी साचते. मात्र या बदलांस कित्येक आठवडे लागतात आणि सराव सुटल्यास ते ओसरू लागतात.

दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचा दोषही लॅक्टेटला देऊ नये. ते साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. दुखणे असते ते स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे. धाव संपताच खाली न बसता संथ चालत राहिल्यास लॅक्टेटचा निचरा अधिक लवकर होतो.

म्हणून शिक्षकांनी व पालकांनी तरुणांना काही महिने आधीच मैदानावर आणावे. बहुतेक दिवस बोलता येईल इतक्या बेताने, आठवड्यातून एक-दोन दिवस जोराने, आणि मध्ये पुरेशी विश्रांती, असा क्रम ठेवावा. छातीत दुखणे वा भोवळ येणे ही लक्षणे दिसल्यास धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. शरीर शिकते, पण ते आपल्या गतीने. ती गती ओळखणाऱ्याच्याच कष्टांचे चीज होते.