कौल बदलतो, पण कुणाचा?



माझ्या पीएच.डी.चा विषय आहे अमेरिकेतल्या ग्रामीण काऊंट्यांचं मतदान. काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, लोकसंख्येने मात्र अनेकदा तालुक्याहूनही लहान. विषय ठरला तेव्हा एका परिसंवादात मला विचारलं गेलं, "तुम्ही तुमच्या समाजावर का नाही करत?" तुमच्यापैकी अनेकांनी हा प्रश्न ऐकला असेल. जगाचा अभ्यास त्यांनी करायचा, आपण फक्त आपल्या वस्तीचा! असो.

२००८ आणि २०१२ मध्ये ओबामांना कौल देणाऱ्या २०६ काऊंट्या २०१६ मध्ये ट्रम्प यांच्याकडे गेल्या. त्यातल्या ३१ एकट्या आयोवा राज्यातल्या. केंटकीतल्या एलियट काऊंटीने तर १८६९ मध्ये स्थापन झाल्यापासून अध्यक्षपदासाठी कायम डेमोक्रॅट उमेदवारच निवडला होता, २०१२ मध्ये काठावर का होईना. २०१६ मध्ये तिथली सुमारे ७० टक्के मतं ट्रम्प यांना पडली. वस्ती जवळजवळ सगळी गोरी. इथे माणसांनी खरोखर पक्ष बदलला. मग सगळीकडे एकच उत्तर छापून आलं: ग्रामीण माणूस चिडलाय.

हे "ग्रामीण" ऐकलं की मी सावध होते. आपल्याकडे "गावाने ठरवलं" म्हणतात तेव्हा गावकुसाबाहेरच्यांना कुणी विचारलेलं असतं का?

मिसिसिपीतली होम्स काऊंटी बघा. १९६४ मध्ये तिथे ९० टक्क्यांहून जास्त मतं गोल्डवॉटरना पडली, म्हणजे नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत देणाऱ्या सिनेटरला. आणि लोकसंख्येत बहुसंख्य होते कृष्णवर्णीय! ते मतदार यादीतच नव्हते. नाव नोंदवायला गेलं की कारकून राज्यघटनेचं एखादं कलम पुढे ठेवायचा आणि अर्थ सांगायला लावायचा. उत्तर बरोबर की चूक, हे तोच ठरवणार. शिवाय जमीनमालक घराबाहेर काढेल ही भीती. १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा आला, नावं यादीत चढली. १९६७ मध्ये याच काऊंटीतून रॉबर्ट क्लार्क विधिमंडळात गेले, त्या राज्यातले विसाव्या शतकातले पहिले कृष्णवर्णीय सदस्य. आज होम्स डेमोक्रॅट पक्षाचा बालेकिल्ला आहे. नकाशावर तिचा रंग बदलला, त्यासाठी कुणाचं मन बदलावं लागलं नाही.

नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉबसन काऊंटीने मात्र मला अडवलं. तिथे लंबी हा आदिवासी समाज, कृष्णवर्णीय आणि गोरे, तिघेही मोठ्या संख्येने राहतात. २०१२ मध्ये ओबामा, २०१६ मध्ये थोडक्यात ट्रम्प, २०२० मध्ये चांगल्या फरकाने ट्रम्प. म्हणजे गोऱ्यांचा राग एवढंच उत्तर इथे पुरत नाही. २००१ मध्ये लंबरटनचा कॉन्व्हर्सचा बुटांचा कारखाना बंद पडला, कापडगिरण्याही गेल्या. त्यात लंबींचं जुनं दुखणं. १९५६ च्या कायद्याने त्यांना आदिवासी म्हटलं आणि त्याच कायद्याने सवलती नाकारल्या. यादीत नाव असणं-नसणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगणार? २०२० मध्ये दोन्ही उमेदवारांनी पूर्ण मान्यतेचं वचन दिलं. ट्रम्प मतदानाच्या तोंडावर स्वतः लंबरटनला आले. डिसेंबर २०२५ मध्ये ती मान्यता कायद्याने मिळालीही.

तिथल्या तीन समाजांपैकी कोण किती हललं, हे काऊंटीच्या एका आकड्यात दिसत नाही. म्हणून सध्या मी केंद्रनिहाय आकडे लावत बसले आहे. मार्गदर्शक म्हणतात, किती वेळ घालवणार? अजून सहा महिने तरी लागतील. आता तुमचे प्रश्न घेते.